मिठाची गुळणी

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. (हा मायना तुमचाच. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा मी सासूबाईंना पत्र लिहिलं होतं. त्याची सुरुवात 'प्रिय सासूबाई' अशी होती आणि शेवटी 'आपली विश्वासू' म्हणून सही होती, कारण आमच्या शाळेत सिस्टरांनी पत्रं फक्त इंग्रजीतून शिकवली होती. ते पत्र तुम्ही मधल्यामध्ये काढून घेतलंत आणि उलट टपाली मला परत पाठवलंत. सोबत पाठकोऱ्या कागदावर दोन ओळींचा नमुना होता. तो कागद अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहे.)

तुमचा गुडघा कसा आहे? धाकट्या भाऊजींनी कानाचं नवं यंत्र आणून दिलं आणि तुम्ही ते दुसऱ्याच दिवशी खणात ठेवून दिलंत, असं कळलं. तुमचंही खरं आहे. नवव्या वर्षापासून इतकं शांततेत काढल्यावर आता कुकरच्या शिट्ट्या ऐकून काय मिळवायचंय? मी मात्र पत्रच लिहिणार. फोन तुमच्या उपयोगाचा नाही, आणि व्हिडिओवर मागच्या वेळी माझं तोंड मध्येच उघडं राहून चित्र थिजलं. तुम्ही म्हणे पाच मिनिटं काळजीत होतात की मी 'आ' कशाला म्हणतेय.

परीक्षेचं काय झालं, असं तुम्ही विचारलंत. सांगते, पण क्रमाने सांगते. आता घाईघाईने शेवट सांगितला तर मधले हाल वाया जातील.

मी रुग्णालयात टायपिस्ट म्हणून लागले हे तुम्हाला आठवतंय. पुढे पहिला संगणक आला, त्याच्याबरोबर चारशे पानांचं इंग्रजी पुस्तक आलं, आणि 'हिला इंग्रजी येतं' एवढ्या गुन्ह्यावर दोन्ही माझ्या गळ्यात पडले. तेव्हापासून एकोणतीस वर्षं मी सर्व्हर रूममध्ये आहे. खिडकी नाही, थंडी अशी की बाराही महिने शाल लागते, पण सगळ्या वॉर्डांचे संगणक माझ्या हाताखालच्या तारांनी बोलतात आणि कुठे आवाज बसला तर मला आधी कळतं. आता आलेल्या नव्या व्यवस्थापकांनी नियम काढला की नेटवर्कचं प्रमाणपत्र नसेल त्याने तारेला हात लावायचा नाही. वर्षात तीन वेळा परीक्षेला बसायचं. तिन्ही खेपा फुकट गेल्या तर चौकशीची खिडकी. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत, ती माझ्या खुर्चीवर काढायची की त्या खिडकीत, एवढाच प्रश्न होता. (मला खिडकीत बसवलं असतं तर एक्स-रे कुठे म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हाताला धरून पोचवून आले असते, आणि खिडकी कायम रिकामी राहिली असती.)

अभ्यास घेतला तुमच्या बंधुराजांनी. चाळीस वर्षं गणिताचे पेपर तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर विद्यार्थी मिळाला, मग काय विचारता. त्यांनी तीनशे चिठ्ठ्या केल्या, लाल पेन बाहेर काढलं आणि रोज संध्याकाळी मला स्टुलावर बसवायला सुरुवात केली. उत्तर बरोबर आलं तरी अर्धा गुण कापायचे. का, तर म्हणे पायऱ्या दाखवल्या नाहीत. नेटवर्कमध्ये कुठल्या कामाला कुठलं दार, त्या दाराचा नंबर काय, हे सगळं तोंडपाठ लागतं. मी ते मटार सोलताना घोकायचे, जिना चढताना घोकायचे. एकदा भाजीवाल्याने विचारलं, ताई, टोमॅटो किती देऊ? मी म्हटलं चारशे त्रेचाळीस. तो बिचारा आधी टोपलीकडे बघत राहिला आणि मग ह्यांच्याकडे.

एकच धडा मी पहिल्या वाचनात शिकले, आणि तो तुमच्यामुळे. दोन संगणकांना बोलायचं असलं की आधी पहिला हाक मारतो, दुसरा 'ऐकतोय, बोल' म्हणतो, मग पहिला 'बरं' म्हणतो, आणि त्यानंतरच खरं बोलणं सुरू होतं. मधे काही हरवलं तर पुन्हा सांगायचं. पुस्तकात याला सहा पानं आणि चार आकृत्या आहेत. मी ह्यांना म्हटलं, अहो, यात काय आहे? मी दारात उभी राहून हात हलवायचे, वन्सं भुवया उचलायच्या, मी मान डोलवायचे, आणि मग आमचं सुरू. सासूबाईंना भिंतीपलीकडची टाचणी ऐकू यायची, पण आम्ही दोघी त्यांच्या नाकासमोर निव्वळ ओठांनी तास तास बोललो तरी त्यांना पत्ता लागला नाही. दुसरी पद्धत अशी की माहिती पाठवून मोकळं व्हायचं, पोचली न पोचली बघायचं नाही. ती मी मामंजींच्या नावाने लक्षात ठेवली. ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण गुण दिले.

पहिल्या खेपेला मी निव्वळ स्वतःच्या कर्तृत्वावर नापास झाले. पहिल्याच प्रश्नाला पाऊण तास घालवला, कारण अर्धवट सोडून पुढे जायचं नाही ही सिस्टरांची शिकवण. त्याबद्दल कोणाला दोष नाही.

दुसऱ्या खेपेची गोष्ट वेगळी. ही परीक्षा घरी बसून द्यायची असते, पण खोली संपूर्ण रिकामी हवी आणि दार बंद होणारं हवं. आपल्या घरात धड बंद होणारं दार एकच, तुमच्या खोलीचं. परीक्षेआधी संगणकाचा कॅमेरा चारी भिंतींवरून, टेबलाखालून, छतावरून फिरवून दाखवायचा. कुठल्याशा दूरच्या कार्यालयात एक पर्यवेक्षक बसलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही, आपण त्याला दिसतो. (मी त्याचं नाव अंतर्यामी ठेवलं.) पहिल्या वेळी त्याने तुमचं कपाट चादरीने झाकायला लावलं होतं, दुसऱ्या वेळी त्याला समोरच्या भिंतीवरचा तुमचा आरसा खुपला. दाराकडे पाठ करून बसलं तरी कोण आलं ते दिसावं म्हणून तुम्ही तिरका लावून घेतलेला तो आरसा, चार स्क्रूंवर पस्तीस वर्षं होता. ह्यांनी घाम गाळून तो उतरवला. भिंतीवर एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला.

विसाव्या प्रश्नाला अंतर्यामीचा आवाज आला. मॅडम, तुम्ही कोणाशी बोलताय? कोणाशी नाही, मी म्हटलं, वाचतेय. तुमचे ओठ हलताहेत. सवय आहे. आणि तुम्ही स्क्रीनच्या वर कोणाकडे बघताय? भिंतीकडे. समोर कोण उभं आहे? कोणी नाही हो, चौकोन आहे. आता 'चौकोन आहे' हे उत्तर खरं असलं तरी ऐकायला बरं नव्हतं, हे मला मागाहून कळलं. त्याने दोनदा ताकीद दिली आणि तिसऱ्यांदा स्क्रीन काळा झाला. परीक्षा रद्द. मी रागाने त्यांच्या कंपनीला दोन पानी मेल लिहिला की मी संपूर्ण एकटी होते आणि या वयात माणसाचे ओठ आपोआप हलतात. (ही सवय मला कुठून लागली कोण जाणे. शाळेत मला मूकवाचनाचं बक्षीस होतं. ओठ हलवून वाचते ती खालच्या वर्गातली, असं सिस्टर म्हणायच्या.)

ते सगळं मी तुम्हाला कळवलं, आणि तुमचं चार ओळींचं उत्तर आलं. 'रडू नको. पुन्हा बस. ओठ आवरत नसतील तर मिठाची गुळणी धरून बस म्हणजे झालं.'

वन्सं, तुम्हाला माझं मराठी माहीत आहे. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा मी दुपारभर बसून मांडणीवरच्या भांड्यांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून ठेवले होते. त्यानंतर बरेच वाक्प्रचार शिकले, हा एक निसटला. शिवाय घसा दुखो की दाढ, तुमचं औषध मिठाची गुळणीच. मी अजिबात शंका घेतली नाही. तिसऱ्या परीक्षेच्या सकाळी कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घातलं (प्रमाण तुम्ही लिहिलं नव्हतं), ह्यांना जिन्यात बसवलं, अंतर्यामीला चारी भिंती दाखवल्या, आणि तो 'दार लावून बसा, मग सुरू करू' म्हणाल्याबरोबर पाठ वळवून गुळणी भरली, पेला दाराबाहेर सरकवला आणि बसले.

सांगायला हरकत नाही, उपाय उत्तम आहे. ओठ दगडासारखे. बावीस प्रश्न मी सटासट सोडवले. मग आवाज आला. मॅडम, तुमचे गाल फुगलेले दिसताहेत, सगळं ठीक आहे ना? मी मान डोलवली. तोंडाने सांगा, नियम आहे. आता काय करायचं? खोलीत पेला नाही, बेसिन नाही, खिडकी कुंडीसकट झाकलेली. उठलं की परीक्षा रद्द. बोललं की कीबोर्डचा अभिषेक. समोर एकोणतीस वर्षांची खुर्ची आणि ती चौकशीची खिडकी, दोन्ही दिसायला लागल्या. मी डोळे मिटले आणि गिळलं. (रक्तदाबाच्या डॉक्टरांना हे कळवू नका.) मग खोल विहिरीतून यावा तशा आवाजात म्हटलं, सगळं ठीक आहे. तो अगदी हळू म्हणाला, टेक युवर टाइम, मॅडम. माझ्या मुलाच्या वयाचा असेल. देव त्याचं भलं करो.

पुढचे चाळीस प्रश्न तहानेने जीभ टाळ्याला आणि ओठ ओठाला असे चिकटले होते की हलवायचे म्हटले तरी हलले नसते. शेवटून तिसरा प्रश्न तोच होता, हाक, ओ आणि बरं, या तीन पायऱ्यांचा क्रम लावा. मी लावला.

पास झाले, वन्सं. वीस गुण वर. दार उघडून जिन्यात गेले तर तोंडातून शब्द फुटेना. मी नुसते ओठ हलवले. ह्यांना काही कळलं नाही, म्हणाले, पाणी आणू का? तुम्ही असतात तर एका नजरेत कळलं असतं. संध्याकाळी गुळणीचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला आणि मग खोकला लागेपर्यंत हसले.

प्रमाणपत्र सर्व्हर रूमच्या दारावर लावलंय. शाल खुर्चीवर आहे. तुमचे आभार कसे मानू ते सिस्टरांनी शिकवलं नाही आणि तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातही नाही. पहिला संगणक गळ्यात पडल्यावर संध्याकाळच्या वर्गाला मी जायचे तेव्हा दोन वर्षं माझ्या वाटणीच्या पोळ्या तुम्ही लाटल्यात, आणि सासूबाईंना सांगितलंत की ती शिवण शिकायला जाते. (सासूबाई गेल्या तरी त्यांना माझ्या हातचा ब्लाउज काही दिसला नाही.) एवढं लिहून पुढचं तुम्ही ओळखावं.

गुडघ्याला शेक द्या. ह्यांचा नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. प्रमाणपत्र तीनच वर्षं चालतं. म्हणजे ते आणि मी एकाच महिन्यात निवृत्त होऊ.

ता. क. २. अंतर्यामीचं खरं होतं. कंपनीला मी जे लिहिलं ते खोटं. ती सवय कुठून लागली ते मला नीट माहीत आहे. अवघड प्रश्न आला की मी तुमच्या खुर्चीत बसून, आरसा होता त्या चौकोनाकडे बघून, तो तुम्हालाच वाचून दाखवत होते.

ता. क. ३. आरसा परत लावलाय, पण कोन जमत नाही. मी बसले की त्यात छत दिसतं, हे बसले की त्यांना स्वतःचं टक्कल दिसतं. दार काही दिसत नाही. तुमच्या उंचीचं माणूस त्या खुर्चीत बसल्याशिवाय ते लागायचं नाही, म्हणून स्क्रू ढिले ठेवलेत. दोन दिवसांचं काम आहे. धाकट्या भाऊजींकडे महिन्याभरासाठी म्हणून गेलात त्याला चार वर्षं झाली. त्याच मापाने हे दोन दिवस धरा, आणि सामान त्या बेताने आणा.