लेकरं तीन

सोमवार
सून सुकेशनीनं ही वही दिली. तिच्या नव्या नोकरीचं ट्रेनिंग हाय, क्रांती चौकाजवळ, पाच दिवस. तिथं दिवसभर फोन बंद. तवर लेकरांनी कवा काय खाल्लं ते मी लिवून ठेवायचं. म्हणलं, बाई, चौथी शिकलेला माणूस मी, दोनशे मेंढरं सांभाळली ती काय लिवून? पण नोकरी लागली म्हणून लई खुश होती. म्हणलं बरं, आण वही.

आम्ही उतरलोय तो लॉज झकास हाय. मुकुंदवाडी स्टेशनापासून पायी दहा मिनिटं. दुसरा मजला, मोठा पलंग, नळाला गरम पाणी. प्रणय सहाचा, करुणा तीनची. आल्या आल्या दोघांनी उड्या मारून चादर खाली पाडली. मला बी हसू आलं.

रजिस्टर भरताना काउंटरवाल्यानं विचारलं, लेकरं किती. आमच्यात मेंढरं अन् लेकरं खरी मोजून सांगत नाय, नजर लागती. माझा बाप कायम एक चढवून सांगायचा. मी म्हणलं, तीन. त्यानं नावं मागितली. प्रणय, करुणा सांगितलं, तिसऱ्याला तोंडात आलं ते ठोकलं, धाकटा. पोरं आधी, पोरगी खाली, असं त्यानं आपल्या पद्धतीनं लिवलं. सुकेशनी हळूच म्हणली, "मामा, नोकरीवाली हाय मी आता. असलं खोटं नका लिवायला लावू." म्हणलं, लॉजवाल्याचा एक टावेल जास्त आला तर कुणाचं काय बुडत नाय.

दुपारी खिचडी. प्रणय ताटभर. करुणा चार घास.

मंगळवार
सून गेल्यावर दूध आलं. खोल्या झाडणारी लीलाबाई तीन ग्लास घेऊन आली, खाली तीन लिवलेत म्हणून. म्हणलं ठेव, मी पितो. चूळ भरून येतो तर तिन्ही रिकामे. करुणाला दटावलं. तिनं सरळ सांगितलं, धाकट्यानं पिलं. लेकरांचं ऐकत बसलं तर दिवस निघत नाय.

आंघोळी दोघांच्या झाल्या, टावेल तीन ओले. पाण्यात खेळले असतील. पोळी-भाजी. दोघं नीट जेवले.

दिवसभर खोलीत बसून पाय वळायला लागलेत. माणसानं रानात असावं.

बुधवार
लीलाबाई झाडता झाडता म्हणली, तुमची ती दोन लेकरं लई वांड हायेत, धाकटा तेवढा गुणी. जिन्यात बसलेला असतो, माझ्या हातात सामान दिसलं की दार उघडून देतो. कोणता धाकटा म्हणून विचारलं तर तिला मस्करीच वाटली. "तुमचाच की बाबा. नाक बघा, तुमच्यावरच गेलंय."

प्रणय पलंगाच्या एका कडेला बसलेला, करुणा दुसऱ्या. मधी जागा सोडलेली. तिथली चादर दबलेली. हात लावला. लई गार.

मी असल्या गोष्टींना भाव देत नाय. पण चढवलं मी, तर उतरवीन बी मीच. तसाच खाली गेलो. म्हणलं, लेकरं दोनच हायेत, एक नाव खोडा. कोणतं म्हणला. म्हणलं शेवटचं, अजून कोणतं. चष्मा वर खोलीत राहिला व्हता. त्यानं गिरगटलं, मी सही ठोकली.

संध्याकाळी सुनेला सांगितलं, रजिस्टरातलं खोटं मिटवलं. हसली. रात्री झोप लागली नीट.

गुरुवार
सून सातला गेली. दूध आलं, ग्लास दोन. बरं वाटलं. मग करुणाला हाक मारली.

पलंगावर नाय. मोरीत नाय. जिन्यात नाय. गच्चीला कुलूप.

लीलाबाई म्हणती, दोन्ही पोरं तर खोलीत बसलीत. पोरगी कोणती, बाबा?

खोलीत प्रणय. त्याच्या बाजूला एक पोरगं, माझ्याकडं पाठ करून. दूध पितंय. प्रणय कडेकडेला सरकत चाललाय—

गुरुवार, दहा
ट्रेनिंगच्या हापिसात फोन लावून सुनेला फोनवर बोलावलं. म्हणलं, पोर सापडंना. ती घाबरली अन् मग म्हणली, "मामा, मागून आवाज येतोय की दोघांचा. प्रणय अन् धाकटा."

फोन ठेवला.

दोरीवर फ्रॉक हाय. पिवळा, ओला. सून फोनवर म्हणली, तिला पोरगीच नाय. मग हा—

गुरुवार
चष्मा लावून रजिस्टर बघितलं. प्रणय. त्याच्या खाली धाकटा. शेवटच्या ओळीवर नुसतं गिरगटलेलं. खाली माझी सही.

शेवटचं म्हणलं मीच.

परत तीन करा म्हणलं. तीनच हायेत, माझीच चूक. तो तयार हाय. पेन हातात धरून बसलाय. नाव तेवढं सांगा म्हणतो.

नाव—

आत्ता जिभेवर व्हतं. फ्रॉक मुठीत हाय. नाव नाय येत.

वहीत असंल. सोमवारचं पान. चार घास खाल्ले ते पोर. लिवत लिवत पान उलटतोय, सुटायला नको म्हणून—

त्या नावावर हात ठेवलाय कुणी. लहान. गार. वर बघत नाय मी. नाक माझंच असंल.

काढ म्हणलं. काढत नाय. बोटांच्या मधून एकच अक्षर दिसतंय. क— पुढचं नाय दिस—