मयत आरोग्य रक्षकाची सकाळची फेरी

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, लातूर.

अर्जदार : पंढरी सटवाजी वाघमारे, धंदा रोजगार हमीवर खडी फोडणे, रा. मौजे धानवाडी, चाकूरजवळ, जि. लातूर (जुना जि. उस्मानाबाद).

विषय : मयत आरोग्य रक्षक पंचशीला पंढरी वाघमारे यांना सकाळच्या गृहभेटीच्या कामातून लेखी आदेशाने मोकळे करणेबाबत.

संदर्भ : त्यांच्या नेमणुकीचा आदेश (जुन्या जिल्ह्याचा).

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार सविनय सादर करतो की,

१. मयत पंचशीला ही अर्जदाराची पत्नी. लातूर जिल्हा वेगळा होण्याआधी तिची गावासाठी नेमणूक झाली. रोज सकाळी ती घरोघर जाऊन सांगत असे : पाणी उकळा, फडक्याने गाळा, माठावर झाकणी ठेवा, आत हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या, जेवणाआधी राखेने हात धुवा. यापलीकडे तिचे ज्ञान नव्हते आणि तसा तिचा दावाही नव्हता. मात्र सांगायचे ते रोज सांगायचे, एवढे तिला पक्के ठाऊक होते. अंगात ताप असतानाही तिने फेरी चुकवली नाही.

२. दुष्काळात विहिरीने तळ दाखवला आणि टँकरचे पाणी त्यातच ओतून शेंदणे सुरू झाले, तेव्हा गावाने तिची थट्टा मांडली. गावठाणातल्या केवळाबाई चारचौघींत म्हणाल्या, "प्यायला घोटभर न्हाई, अन् ही हात धुवायचं सांगून राहिली." त्यावर मयत म्हणाली, "लई नको मावशी, चुळकाभर पुरं. अन् ते बी शेवग्याच्या आळ्यात जाऊ द्या." अर्जदाराला राग आला होता. तिला आला नाही. तिला राग यावा असे अर्जदाराला फार वाटे.

३. साहेबांना गावची रीत माहीत असेलच, तरी लिहिणे भाग आहे. अर्जदार बौद्धवाड्यात राहतो. गावठाणातल्या घरांत मयताला अंगणापर्यंतच जाता येई. आपण आलो हे कळावे म्हणून ती आधी खाकरायची आणि मग उभी राहायची. उघडा माठ दारातून दिसला तरी त्यावर झाकणी ठेवणे तिच्या हाती नव्हते, कारण माठाला तिचा हात चालत नव्हता. सांगायचे आणि पुढच्या घरी जायचे. तहान लागली तर पाणी वरून ओंजळीत ओतत.

मागच्या वैशाखात गावात जुलाब-उलटीची साथ होती. मयत उन्हाची केवळाबाईंच्या अंगणात पोचली. माठ सकाळपासून उघडा होता. तिने तो पाहिला, झाकायला सांगितले, आणि त्यातलेच पाणी तिच्या ओंजळीत ओतले गेले. ती प्याली. दुसऱ्या दिवशी बैलगाडी चाकूरला पोचण्याआधी ती गेली. अर्जदाराच्या मांडीवर तिचे डोके होते.

४. त्यानंतर गावात पुढील प्रकार सुरू झाला. आतून कडी लावलेल्या घरांत सकाळी माठांवर झाकण्या दिसू लागल्या. ओगराळी खुंटीला उलटी टांगलेली, मोरीपाशी चिमूटभर राख ठेवलेली. पहिला माठ केवळाबाईंचाच. अर्जदार बौद्ध असून भुताखेतावर त्याचा विश्वास नाही. घाबरलेल्या सुनाच हे करीत असतील, असे त्याने सर्वांना सांगितले.

पुढे एकदा झुंजुमुंजू असताना अर्जदार खडीच्या कामावर निघाला होता. सरपंच शेषेराव यांच्या अंगणातून खाकरणे ऐकू आले. ते खाकरणे अर्जदार लग्नापासून ओळखतो. एरवी त्यामागून थांबणे असे. त्या दिवशी थांबणे नव्हते. लगेच माठावर झाकणी टेकल्याचा आवाज आला. ती आत गेली होती. अर्जदार भ्याला, आणि खोटे कशाला लिहा, त्याला थोडे बरेही वाटले.

५. तेव्हापासून गावात एका लेकरालाही हगवण लागलेली नाही. वास्तविक गावाने समाधान मानावे. पण गावाला भीती वाटते, आणि भीतीपेक्षा माठाला हात लागल्याचे दुःख मोठे आहे. काहींनी माठ फोडून नवे आणले. दुसऱ्या सकाळी नवेही झाकलेले. शेषेराव अर्जदाराला म्हणाले, "पंढरी, बाई चांगली व्हती, पर आता आवर तिला." जिवंतपणी ती अर्जदाराला आवरली नाही, हे त्यांनी लक्षात घेतले नाही. आता उदगीरकडून वीरभद्र नावाचे देवऋषी बोलावले आहेत. तिला जिथे अग्नी दिला, तिथे येत्या अमावास्येला ते खिळा ठोकणार आहेत. तो खिळा अर्जदाराला सोसणार नाही.

६. अर्जदाराचे म्हणणे असे की, ती भूत नसून कामावर आहे. आदेशाने लागली, आदेशाशिवाय थांबणार नाही. मयताचे नाव आपोआप कमी होते, वेगळा आदेश काढण्याची पद्धत नाही, असे कचेरीत समजले. नियम योग्यच असेल, पण तो तिला कोण सांगणार? आदेश जुन्या जिल्ह्याचा असल्याने तो मागे घेण्याचा अधिकार कोणत्या जिल्ह्याचा, हेही अर्जदाराला कळत नाही. तरी साहेबांनी आपल्या सहीने दोन ओळी द्याव्यात. काम चांगले झाले, असे त्यात जरूर लिहावे. तसे तिला कोणी म्हटले नव्हते. अर्जदार तो कागद केवळाबाईंच्या अंगणात उभा राहून मोठ्याने वाचील.

७. आणखी एक विनंती आहे. ती आधी लिहायची होती, धीर झाला नाही.

मयत सर्व घरी जाते, बौद्धवाड्यातही जाते, फक्त अर्जदाराच्या घरी येत नाही. स्वतःचे घर फेरीत धरायचे नसते, असे तिला प्रशिक्षणात सांगितले होते. ते ती आजही पाळते. दिवाळीपासून अर्जदार आपला माठ उघडा ठेवतो. आत गडवा बुडवतो, हात न धुता जेवतो. आई चांगुणा झाकायला उठली तर तिला झाकू देत नाही. सकाळी पाण्यावर धूळ असते, मुंग्या असतात. तेच पाणी अर्जदार पितो. या आठवड्यात त्याला जुलाब सुरू झाले असून हा अर्ज बसत-उठत लिहिला आहे.

तरी तिला मोकळे करण्यापूर्वी एका सकाळपुरते अर्जदाराचे घर तिच्या फेरीत धरावे. अमावास्येच्या आत धरावे. अर्जदार भिंतीकडे तोंड करून पडेल, वळून पाहणार नाही, काही विचारणार नाही. या घरात तिला खाकरायची गरज नाही, हेही आदेशात लिहावे. झाकणी माठाशेजारीच ठेवली आहे. तिला शोधावी लागणार नाही.

आपला नम्र,
पंढरी सटवाजी वाघमारे

मौजे धानवाडी
दि. ५ मे १९८६

सोबत : नेमणुकीचा मूळ आदेश. घडीवर पाण्याचे डाग आहेत, ते तिच्या वेळचे, उकळलेल्या पाण्याचे आहेत.