मुठीतलं मंगळसूत्र

मुलुंड, रविवार संध्याकाळ

अंदमानहून येऊन चार दिवस झाले, तरी ह्यांची ती मूठ डोळ्यांसमोरून जात नाही. मासे बघायला समुद्रात उतरण्याआधी तिथल्या गाईडने मला मंगळसूत्र काढायला सांगितलं. ह्यांनी ते मुठीत धरलं आणि तासभर किनाऱ्यावरच उभे राहिले. मी पाण्यातून हाक मारली, तर म्हणे, "तू बघ गं. माझ्या हातात हे आहे ना." लॉकर होता की तिथे. मी सगळ्यांसमोर "भित्रे कुठले" म्हणाले. ह्यांनी मूठ तेवढी आणखी घट्ट केली. का बोलले मी तसं?

आज धुवायचे कपडे काढताना ह्यांच्या शर्टाच्या खिशात पोहण्याच्या क्लासचा फॉर्म सापडला. वय एकसष्ट. शिकण्याचं कारण: बायकोबरोबर मासे बघायचे.

फॉर्म होता तसाच खिशात ठेवला. शर्ट मळकाच परत खुंटीला लावला.