बुधवारची कॅप

भाऊजी,

‘तीर्थरूप’ लिहायला हात धजावत नाही, म्हणून नुसतंच भाऊजी.

आज डेंटल कॉलेजात ज्युनिअर मुलींनी पेशंटच्या मापावरून केलेले प्लास्टरचे दात तपासत होते. एक जबडा हातात आला आणि मी तो दिव्याखाली धरला. वरचा सुळा वळलेला, पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. पदव्युत्तर वर्गात आल्यावर मी पहिलं माप तुमच्याच दातांचं घेतलं होतं. तुम्हाला उमासे येत होते आणि ताई हसून हसून लोळत होती. तो साचा अजून माझ्या कपाटात आहे.

पेशंटच्या कागदावर नाव दुसरंच. पत्ता याच शहरातला. सोबत आलेली व्यक्ती: पत्नी. आणि ताई तर सांगते, तुम्ही दूरच्या साइटवर आहात, सहा महिने सुट्टी नाही!

असतील एखाद्याचे दात तुमच्यासारखे, म्हणून नव्या वरच्या जबड्याखाली तुमचा जुना खालचा लावून पाहिला. चपखल बसला. केसाएवढीही फट नाही.

मी महिनाभर रजेवर आहे, हे ताईनंच तुम्हाला सांगितलं असणार. मी आठ दिवस आधी परतले, तिथे तुमचं गणित चुकलं.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर बुधवारी अकरा वाजता तुम्ही दातावर कॅप बसवायला येणारच नाही. ताईला मी त्याच वेळेला दात साफ करायला बोलावलंय. शेजारच्या खुर्चीवर.

तुमचे दात पाठ असलेली,
मेहुणी