नाव घातली

११ नोव्हेंबर

सुखरूप पोचले. आदित्य स्टेशनवर आला होता. चौकापर्यंत टोटो, म्हणजे विजेवर चालणारी रिक्षा, आणि पुढे दूधविनायकाच्या गल्लीत पायी. पेटी आदित्यच्या डोक्यावर. वाटेत एक सांड आडवा बसलेला. तो उठेपर्यंत थांबायचं असतं, आदित्य म्हणाला. मी छत्री जमिनीवर आपटली, तो उठला. बँकेने मुलाची बदली इतक्या लांब केली म्हणून मी कुरकुर केली होती, ती मागे घेते. घर वरच्या मजल्यावर, भाड्याचं पण स्वच्छ. गच्चीतून गंगेची एक पट्टी दिसते. सुनेने, हिमानीने, गरम पिठलं-भात तयार ठेवला होता. नात अंतरा, वय वर्षं पाच, नाकाला मलइयोचा, म्हणजे इथल्या दुधाच्या मिठाईचा, फेस लावूनच दारात उभी. तिला हाक मारली की "ओ" अशी देते की शेजारचे दचकतात. मला आवडलं. पुटपुटणारी मुलं मला चालत नाहीत.

खाली वेणीमाधवराव राहतात, रेल्वेतून निवृत्त. सोबत मुलगा आणि सून. काशीत पिढ्या गेल्या तरी घरात मराठी. पण कसलं मराठी! "चहा झाली, खाली या," म्हणाले. जन्मभर कन्याशाळेत मराठी शिकवलेल्या बाईला हे ऐकावं लागलं. चहा मात्र फक्कड झाला होता.

१५ नोव्हेंबर

संकठा घाटाजवळ विद्युल्लताबाईंच्या घरी मराठी बायका दुपारी जमून गोधड्या शिवतात. इथे गोधडीला कथरी म्हणतात. काही घरच्यांसाठी, काही ओळखीपाळखीत द्यायला, बाकी सगळ्या पौषात घाटावर उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी. विद्युल्लताबाई याज्ञिकांच्या घरातल्या, माझ्याहून मोठ्या. आवाज मऊ, पण सगळ्या त्यांच्या धाकात.

कापड येतं एका धर्मशाळेतून. आपल्याकडची म्हातारी माणसं शेवटचे दिवस काशीत काढायला येतात. ती गेल्यावर त्यांची लुगडी-धोतरं न्यायला सहसा कोणी येत नाही. कुणी नाक मुरडेल, मी नाही. उकळतं पाणी, सोडा, कडक ऊन. मग कापड ते कापड.

बाईंनी नियम एकच सांगितला: नाव घातल्याशिवाय गोधडी वापरायला द्यायची नाही. योग्यच आहे. ज्याची वस्तू, त्याचं नाव तिच्यावर असावं.

पण भाषा! शेजारी बसणारी नंदा, जिभेला धार असलेली, म्हणाली, "काकू, माझी नाव घातली." मी तिथल्या तिथे सुधारलं. चहा झाला, दुकान बंद झालं, नाव घातलं. हिंदीची लिंगं मराठीत आणू नका. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. नंदाने हात जोडले. "बरं मास्तरीणबाई, घातलं."

२४ नोव्हेंबर

माझ्या दोन गोधड्या पुऱ्या झाल्या. पहिली अंतराची. मधे हिरवं इरकली लुगडं, कडेने जुन्या छिटाचे तुकडे, धावदोरा इतका दाट की बोट शिरू नये. मागच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने "अंतरा", शिरोरेघेसकट. दुसरी वेणीमाधवरावांना दिली, त्यांचे गुडघे थंडीने धरतात. तीवर त्यांचं नाव. त्यांनी ती डोक्याला लावून घेतली.

इतरांच्या पाहिल्या. एकीनेही नाव लिहिलेलं नाही! कोपऱ्यात नुसती चंद्रकोरीसारखी काहीतरी खूण. निरक्षर कोणी नाही, तेव्हा हा आळसच. विद्युल्लताबाईंना सांगितलं की मी दोन्हींवर नाव घातलं आहे. त्या पूजेच्या गडबडीत होत्या, छान म्हणाल्या. आणि नंदा आता न सांगता "घातलं" म्हणते. मंडळ सुधारतं आहे.

१ डिसेंबर

दुधासाठी अंतराला हाक मारली. आतल्या खोलीतून ओ आली. आत गेले तर पलंगावर नुसती गोधडी. अंतरा गच्चीत पतंग बघत होती, माझ्याकडे पाठ करून. पुन्हा हाक मारली, वळली नाही. खांद्याला धरून फिरवलं तेव्हा म्हणाली, "मला बोलावलंस?" कान तपासून घ्यायला हवेत. आदित्यला बजावलं आहे.

४ डिसेंबर

कान उत्तम आहेत, असं डॉक्टर म्हणाले.

वेणीमाधवराव दारात ऊन खात बसले होते. गॅसवाल्याने त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी अगदी नम्रपणे सांगितलं की या नावाचं इथे कोणी राहत नाही. सून हसली, बाबूजी मजाक करताहेत म्हणाली. ते मजाक करत नव्हते, मला चेहरा कळतो. गॅसवाला बुचकळ्यात पडून विचारत होता, मग आतून ओ कोण देतंय?

८ डिसेंबर

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. जे घडलं ते लिहिते.

अंतराची गोधडी गच्चीत उन्हात टाकली होती. घडी घालताना खाली खेळणाऱ्या पोरीला हाक मारली. ओ माझ्या हातांतून आली. बाईचा आवाज, म्हातारा, आणि आनंदलेला. मी घडी टाकून दिली. ती कोरडी होती, पण भिजलेल्या कपड्यासारखी धप्पकन पडली.

अंतराला विचारलं, हाक मारली तर ओ का देत नाहीस. चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "ते नाव त्या आजींचं आहे ना आता. तूच तर शिवून दिलंस."

९ डिसेंबर

खाली जाऊन वेणीमाधवरावांच्या मुलाला सांगितलं, ती गोधडी आजच्या आज गंगेत सोडा. कारण सांगितलं नाही. माझ्या आवाजापुढे सहसा कोणी कारण विचारत नाही. त्याने राजा घाटावरून सोडली. वरची उद्या मी सोडेन.

१० डिसेंबर

सोडली नाही. बरं झालं.

खालचे ते — नाव आठवेना. मागचं पान उलटलं. तिथे लिहिलेलं आहे, वाचता येतं, नजर काढली की जातं. त्यांच्या सुनेला ते सांगता येत नाही. मुलाला येत नाही. ते दारात बसलेत, काही हरवल्यासारखे हात चाचपत. गल्लीतले लोक त्यांना वळसा घालून जातात, जसा खांबाला घालावा.

११ डिसेंबर

गोधडी घेऊन विद्युल्लताबाईंकडे गेले. कोपरा दाखवला. नंदा आधी हसली. "काकू, नावेवर नाव?" मग बाईंचा चेहरा पाहून तिने सुई खाली ठेवली.

बाईंनी मला खिडकीशी नेलं. खाली पाण्यात बांधलेल्या होडीकडे बोट केलं.

"ही नाव."

ती चंद्रकोर नव्हती. होडी होती. नाव, स्त्रीलिंगी. नंदा पहिल्या दिवसापासून शुद्ध बोलत होती.

"काशीत मेला तो सुटला, हे खरं," बाई म्हणाल्या. "पण जो कपड्यात अडकून राहिला, त्याला कोण सांगणार? म्हणून नाव काढून द्यायची. बसा, पलीकडे जा."

मी म्हटलं, आता काढते. बसल्या जागी काढते.

"आता त्यांना नाव मिळालं. ज्याला नाव मिळालं तो नावेत कशाला बसेल?"

फाडायची नाही, जाळायची नाही, पाण्यात सोडायची नाही, असं बजावलं. गोधडी गेली की तिच्याबरोबर नावही जातं, खाली झालं तसं.

हिरवं लुगडं नंदाने ओळखलं. एक म्हातारी धर्मशाळेच्या दारात बसून असायची, मुलाची वाट बघत. कोणी कुणालाही हाक मारली की हीच ओ द्यायची, मुलगा आला असं वाटून. तिचं स्वतःचं नाव काय होतं, ते कुणालाच माहीत नाही.

१२ डिसेंबर

तरी नाव शिवून पाहिली. टाका घातला की बाहेर येतो. दोरा आतून कोणी हळूच ढकलून देतं.

हिमानी अंतराला जेवायला हाक मारते. ओ पलंगावरून येते. ती ताट तिकडे नेते, शेजारी बसते, गोष्ट सांगते. ताट रिकामं परत येतं.

अंतरा माझा पदर धरून उभी होती. भूक लागली म्हणाली. माझ्या ताटातलं भरवलं.

१४ डिसेंबर

हिमानीने आज तिच्याकडे निरखून पाहिलं. मग मला म्हणाली, "आई, ही कुणाची आणलीत? घरी सोडून या. आईबाप शोधत असतील."

पोर रडली नाही. कोपऱ्यात जाऊन चपला घालायला लागली.

आदित्यला गदागदा हलवलं. तो मोबाइलमधले फोटो दाखवतो. वाढदिवसाचा, शाळेचा. प्रत्येकात घडी घातलेली हिरवी गोधडी. ही काय अंतरा, म्हणतो. शांतपणे म्हणतो.

पोरीला माझ्या खोलीत ठेवलं आहे. आतून कडी.

१५ डिसेंबर

विद्युल्लताबाई म्हणाल्या, एकच वाट आहे. गोधडीतल्या म्हातारीला नाव हवं आहे. कुणाचं, याच्याशी तिला घेणं नाही. आधी दुसरं नाव शिवायचं, मगच पहिलं उसवायचं. माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमचं देऊ नका."

मग कुणाचं देऊ?

नीट विचार केला. देवयानी. माझे यजमान श्रीराम गेल्यापासून या नावाने मला कोणी हाक मारलेली नाही. मुलाला आणि सुनेला मी आई, गल्लीला काकू, नातीला आजी. देवयानी पेन्शनच्या कागदांपुरती उरली आहे. तेवढ्यावर पोर परत मिळत असेल तर सौदा स्वस्त आहे.

शिवायला बसते.

१६ डिसेंबर

झालं. आधी माझं घातलं. टाके राहिले, बाहेर आले नाहीत. मग तिचं उसवलं.

हाक मारली. अंतरा.

ओ. तिच्याच गळ्यातून. हिमानी धावत आली, तिला छातीशी धरलं, कुठे गेली होतीस म्हणून रागावली. किती वेळ रागावत होती, आणि पोर हसत होती. मी बघत बसले.

मी —

वहीच्या पहिल्या पानावर एक नाव आहे. अक्षर माझं. वाचते. मिटते. कुणाचं ते —

हरकत नाही. ठरवूनच दिलं.

१७ डिसेंबर

गोधडी पलंगावर नाही. गच्चीत शोधायला आले, इथेही नाही.

खाली स्वयंपाकघरात हिमानी विचारते, आई, मीठ बरोबर आहे ना. मी जिन्यातून सांगितलं, बरोबर आहे. तिला ते ऐकू आलं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी ऐकून हसली.

आदित्य वर आला. माझ्यासमोर थांबला. वळसा घालून गेला.

फक्त नाव दिलं होतं. आई दिलं नव्हतं. ते शिवलंच नव्हतं. कोपऱ्यात पुन्हा बघायला हवं, पण गोधडी —

अंतरा जिन्याशी आली आहे. हाक मारते. आजी. आजी गं.

ही हाक माझी. ही मी कुणाला दिली नाही. उठते. ओ देते, पण खालून आधीच कुणीतरी