चिऱ्यांवर उभी गाडी

३ ऑक्टोबर १९८५, खैरवाडी फाटा

आज पुन्हा एक गृहस्थ पिशवी घेऊन आत चढले, खिडकीजवळ बसले आणि मला म्हणाले, "राजापूरला किती वाजता पोचेल?"

म्हटलं, "ही पोचणार नाही. हिला चाकं नाहीत."

ते खाली उतरले, वाकून बघितलं, वर आले आणि पुन्हा त्याच जागेवर बसले. "मग दुसरी येईस्तोवर बसतो."

त्यांचं काय चुकलं? बाहेरून ही एसटीच दिसते. अकरा वर्षं रस्त्यावर धावली. मग इंजिन नि चाकं काढून घेतली, चार कोपऱ्यांखाली जांभ्याचे चिरे लावले आणि या फाट्यावर हिला बसवली — कंट्रोलरची कचेरी म्हणून. पुढे माझं टेबल आणि गाड्यांच्या वेळांची वही. मधे प्रवाशांना टेकायला पाच बाकं. मागे पडदा, पडद्याआड माझी खाट, स्टोव्ह आणि दत्ताची तसबीर. खाटेवर पाटी आहे — 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. दोन वर्षं मी त्या मार्गाखाली झोपतो. अजून वापरावा लागला नाही, महाराजांची कृपा.

५ ऑक्टोबर

रत्नागिरीहून कागद आला. इथे पक्की इमारत मंजूर! याच जागेवर. दिवाळीनंतर ही गाडी उचलून नेणार. इमारतीला मागच्या अंगाला कंट्रोलरसाठी एक खोली आणि मोरी.

कागद चार वेळा वाचला. खोली म्हणजे तुळसा येईल. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यातली वीस मी कंडक्टर म्हणून मुक्कामाच्या गाड्यांवर काढली. सणाला घरी, पेरणीला घरी, बाकी जग फिरलो. तोवर आई होती, तुळसा तिच्यापाशी होती. चैत्रात आई गेली. आता राजापूरकडच्या त्या घरात ती एकटी आणि इथे मी एकटा, मधे दीड तासाचा रस्ता.

लगेच पत्र टाकलं. "पक्की खोली होते आहे. झाली की तुला आणतो."

११ ऑक्टोबर

तुळसाचं उत्तर आलं. चौथी शिकलेली बाई, पण पत्रात एक शब्द वाया घालवत नाही.

"पत्र पावलं. खोली होणार हे वाचून बरं वाटलं. खोलीला माझा नमस्कार सांगा."

एवढंच. आता याचा अर्थ काय लावायचा? बहुधा खोली झाल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. तिचंही खरं आहे. बाईमाणसाने एसटीत संसार मांडायचा म्हणजे काय?

१७ ऑक्टोबर

गोदाआजीची नि रावजीची आज जुंपली. गोदाआजी वरच्या वाडीतली. तिला कुठेही जायचं नसतं, पण रोज नऊला येते आणि 'स्त्रियांसाठी' लिहिलेल्या बाकावर अकरापर्यंत बसते. रावजी राजापूर गाडीचा ड्रायव्हर. मी कंडक्टर होतो तेव्हा आम्ही आठ वर्षं एका गाडीवर होतो. आज चहा पिताना तो त्या बाकावर टेकला.

"उठ. वाचता येत नाय?"

"आजी, गाडी चालत नाय ही. इथं कसलं राखीव?"

"पाटी पुसली काय कुणी? पुसली नाय तवर माझी जागा. उठ."

रावजी उठला. अकरा वाजता आजीने निघताना नेहमीप्रमाणे घंटीची दोरी एकदा ओढली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. थांबलेल्या गाडीला थांबायला सांगून मगच आजी उतरते. शिस्त म्हणजे शिस्त.

दसरा

सकाळी रावजीची गाडी झेंडूच्या माळांनी सजून आली. तोरण, चंदन, पुढे नारळ. एक माळ आणि एक नारळ उरला होता. तो घेऊन माझ्याकडे आला.

"काशीरामभाऊ, हिला का उपाशी ठेवताय? हिनं पण लोकं वाहिली हायत."

प्रवासी हसले. मीही हसलो. माळ स्टिअरिंगला घातली, हळदकुंकू वाहिलं, ड्रायव्हरच्या जागेवर नारळ ठेवला, आपट्याची दोन पानं ठेवली. "महाराज, आता सुखाने उभे राहा," असंही म्हटलं. सगळे पुन्हा हसले.

हात जोडताना मात्र हसू आलं नाही. या गाडीवर मीही दोन वर्षं घंटी मारली आहे. थट्टा कुठे संपली आणि नमस्कार कुठे सुरू झाला ते माझं मलाच कळलं नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस

वह्या द्यायला रत्नागिरीला गेलो होतो. संध्याकाळी परत आलो तर स्टिअरिंगवर अबोलीचा गजरा! ताजा, घट्ट विणलेला, केळीच्या सोपटात गुंडाळून आणलेला — सोपट तिथेच खाली ठेवलेलं. नारळापुढे चिमूटभर साखर.

रावजीला विचारलं, "कुणी ठेवलं?"

"मी डायवर. मी पुढं बघतो. आत कोण चढलं नि उतरलं ते कंडक्टरला विचारावं." आणि मिशीत हसला.

३० ऑक्टोबर

एका गजऱ्याने बघा काय केलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जास्वंद वाहिली. मग मुंबईला नोकरीला जाणारे दोघे आले, त्यांनी नारळ ठेवला. त्यातल्या एकाला गिरणीत काम लागल्याचं पत्र आलं म्हणे. झालं! आता मुंबईची गाडी पकडण्याआधी प्रत्येक जण आत येतो, ड्रायव्हरच्या जागेला हात लावून कपाळाला लावतो. एकीने हॉर्नच्या रबरी फुग्याला कुंकू लावलं. चपला पायरीपाशी काढतात. काल इमारतीच्या मोजणीला आलेल्या माणसालाही गोदाआजीने बूट काढायला लावले.

आजीने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि तुझी खाट. देवाकडे पाय करून निजतोस."

खाट फिरवली.

७ नोव्हेंबर

मन लागत नाही. माझ्या थट्टेतला नारळ, आणि लोक त्यापुढे खरी दुःखं सांगतात. आज एक बाई लेकाच्या तापासाठी रडली. मी चार पावलांवर वही लिहीत बसलो होतो. पेन चालेना. तिला काय सांगणार होतो — बाई, हे मी केलंय? ती उठली तेव्हा तिचा चेहरा येतानापेक्षा हलका होता. तो हलकेपणा मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?

१७ नोव्हेंबर

दिवाळीला दोन दिवस घरी जाऊन आलो. तुळसाने एकदाही खोलीचा विषय काढला नाही. मीच सांगत राहिलो — अशी खिडकी, तशी मोरी. ती करंज्या तळत होती. शेवटी म्हणाली, "खोलीबद्दल सगळं कळलं. आणखी काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाही, एवढंच."

"मग करंजी खा."

१९ नोव्हेंबर

इंजिनिअर साहेब आले. म्हणाले, येत्या सोमवारी गाडी उचलू. बाहेर पंचवीस माणसं जमली होती. पुढे गोदाआजी.

"उचला. पण कौल घेतलात काय?"

मला वाटलं साहेब रागावतील. साहेब चिपळूणकडचे निघाले. टोपी काढून म्हणाले, "आमच्या घरची विहीरसुद्धा कौल घेऊन खणली आहे, आजी. घ्या कौल. देवाने हो म्हटलं तर उचलतो. नाही म्हटलं तर जबरदस्तीने उचलणारा मी कोण?"

म्हणजे माझी खोली आता देवाच्या हातात. आणि देव माझ्या हातचा!

२२ नोव्हेंबर

राहवलं नाही. रामा गुरवाच्या घरी गेलो. गावच्या देवळात कौल तोच लावतो. त्याला सगळं खरं सांगितलं. नारळ उरलेला होता, माळ उरलेली होती, आम्ही हसत होतो. तिथे देवबिव काही नाही.

रामाने पान जुळवून तोंडात टाकलं. "नारळ कुणी ठेवला ते आम्ही इचारलं काय? घर बांधतो गवंडी. म्हणून घरात गवंडीच ऱ्हातो काय? देव आत बसला की नाय, ते त्यालाच इचारू. तुळशीची लग्नं आटपली की रविवारी सकाळी."

"आणि नाही म्हणाला तर माझी खोली जाते, रामा."

"मग तूच सांग त्याला. तुझी ओळख जास्त."

२५ नोव्हेंबर

फाट्याजवळच्या घरांतून तुळशीची लग्नं चालली आहेत, मंगलाष्टकं इथे ऐकू येतात. माझी तुळसा दीड तासावर आहे. देवालासुद्धा दरवर्षी वाजतगाजत तिच्या दारी जावं लागतं. मी नुसता खोलीची वाट बघत बसलोय.

३० नोव्हेंबर

लिहायला लाज वाटते, पण इथे खोटं लिहायचं तर वही कशाला ठेवायची?

कौल कसा लावणार ते रामा सांगून गेला. गाडीच्या पुढच्या काचेचे दोन भाग आहेत, मधे पट्टी. तगरीच्या कळ्या पाण्यात भिजवून एक उजव्या काचेवर चिकटवायची, एक डाव्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

दिवेलागणीला मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन काचेपाशी उभा होतो. उजव्या काचेला एक बोट तेल. कळी टिकलीच नसती. बोट तेलात बुडवलंसुद्धा. तेवढ्यात लेकाच्या तापासाठी आलेली ती बाई आठवली.

तेल दत्ताच्या दिव्यात ओतलं. ओलं फडकं घेऊन दोन्ही काचा सारख्या पुसल्या.

१ डिसेंबर, रविवार

सगळी वाडी जमली. साहेबही आले. रामाने कळ्या हातात घेतल्या आणि थांबला. उजवी कुठली? आम्ही गाडीसमोर उभे, आमची उजवी वेगळी, गाडीची वेगळी. रावजी म्हणाला, "डायवर बसतो ती उजवी. देव काय उलटा बसलाय?" साहेबांनीही मान डोलावली. ठरलं.

रामाने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, चाकावर होतास तवा लेकरांना सुखरूप नेलंस नि आणलंस."

"व्हय म्हाराजा!"

"आता ह्या सायबांच्या मनात तुला इथून उठवायचं हाय. तुझी राजी असली तर उजवी दे. नसली तर डावी दे."

"व्हय म्हाराजा!"

पंधरा-वीस मिनिटं गेली. दोन गाड्या येऊन उभ्या राहिल्या, त्यांतले प्रवासीही उतरून बघायला लागले. उजवी कळी जरा घसरली. मोरीसुद्धा दिसली मला. मग उजवी तिथेच थांबली आणि डावी टपकन पडली.

गोदाआजी आत गेली आणि दोरी एकदा ओढली.

साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जागा बदलायची तर कागद पुन्हा सगळीकडे फिरून यायला हवा. दोन-तीन पावसाळे जातील. तोवर तुम्हाला काही हवं असेल तर सांगा."

मी म्हटलं, "पत्र्याला डांबर."

२ डिसेंबर

तुळसाला काय लिहू? तीन कागद फाडले. प्रत्येक कागद 'खोली' या शब्दाने सुरू होत होता.

तिची जुनी पत्रं काढून वाचली. येणार नाही असं एकाही पत्रात नाही. गाडीत राहणार नाही असंही नाही. ते सगळं मीच लिहीत होतो, तिच्या नावाने. आणि माझ्या पत्रांतून, आठवतील तेवढ्या, सगळी खोलीची हकीकत. करंज्या तळताना तिने विचारलं होतं, आणखी काही सांगायचंय?

चौथ्या कागदावर लिहिलं: "खोली होत नाही. गाडी आहे. पावसाळ्यात दोन ठिकाणी गळते. तू ये."

रावजीच्या हाती दिलं. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. त्याने न वाचता चिकटवलं असं तो म्हणतो.

५ डिसेंबर

सव्वानऊच्या गाडीने तुळसा आली. रावजीने ट्रंक उतरवून दिली. तिने चपला पायरीपाशी काढल्या, कुणी न सांगता. आत आली, पिशवीतून केळीचं सोपट काढलं, ते उलगडून अबोलीचा गजरा स्टिअरिंगवर घातला. गोदाआजी आपल्या बाकावर सरकली आणि तिला जागा दिली.

मी म्हटलं, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी — ती तू?"

"माहेरी चालले होते. तुम्ही नव्हता. नारळ दिसला, म्हणून मागून घेतलं."

"काय मागितलंस? खोली?"

"खोली कशाला?" ती म्हणाली. "तुम्ही एकदा 'ये' म्हणावं, एवढंच."