गाडी काचेआड जाणार नाही

तीर्थस्वरूप दादा यांना धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबरेत चमक भरली, तेव्हा उरलेला नमस्कार उभ्यानेच.) वहिनींचा गुडघा कसा आहे? तुझं बीपी? हे पत्र वाचल्यावर लगेच मोजू नकोस.

काचेचं कपाट तयार आहे, रविवारी येऊन बाबांची रिमोटवरची गाडी नेतो, असं तू कळवलंस. देणार नाही. रविवारी मैदानावर शर्यत आहे आणि मी नाव दिलंय. सेहेचाळिसाव्या वर्षी, हो.

दवाखान्याचा प्रकार तुझ्या कानावर आला असेलच (वहिनींची मावशी तिथेच कवळी बसवून घेते), म्हणून खरं काय ते माझ्याकडून ऐक. चाकं वळवणारा सर्व्हो (छोटी मोटरच ती) म्हातारा झाला होता, मी नवा दणकट बसवला. गाडीतल्या मोठ्या बॅटरीतून, रिमोटचा हुकूम ऐकणाऱ्या रिसीव्हरला थोडी वीज मिळते आणि त्याच्याकडून सर्व्होला. नवा सर्व्हो खादाड निघाला. जोरात वळण घेतलं की सगळी वीज तोच खायचा, रिसीव्हरला भोवळ यायची आणि माझं कुणी ऐकायचं नाही. (आपल्या घरात हे मला नवीन नाही.) तशा भोवळीत गाडी समोरच्या दातांच्या दवाखान्यात शिरली आणि थेट खुर्चीखाली गेली. पेशंटने आ वासलेलाच होता, तो तसाच राहिला.

दुकानदार म्हणाला, रिसीव्हरला चार सेलची वेगळी डबी द्या आणि मोठ्या बॅटरीकडून त्याला वीज आणणारी लाल वायर काढून ठेवा, म्हणजे दोन बॅटऱ्या भांडणार नाहीत. लाल वायर मी काढली. डबी बसवली. आणि मग, दादा, मी बाबांची लेक असल्यासारखी वागले: एक सेल भिंतीवरच्या घड्याळातून काढला. आठवतं ना? घड्याळ बंद दिसलं की आई म्हणायची, "गेले वाटतं मैदानावर." बाकीचे तीन टॉर्चमधून आणि टीव्हीच्या रिमोटमधून. चौघेही अर्धमेले. तिसऱ्या वळणावर रिसीव्हरने डोळे मिटले आणि गाडी पुन्हा त्याच दवाखान्यात. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, हिचा आता नंबरच लावून ठेवा."

तू म्हणशील, म्हणूनच कपाट. नाही. रिमोटच्या ट्रिगरवर बाबांच्या बोटाने झिजून एक खळगा पडलाय. त्यात माझं बोट नीट बसतं. ते गेल्यापासून त्यांचा हात हातात घेतल्यासारखं मला फक्त तिथेच वाटतं, आणि तेही गाडी पळत असताना. काचेआड ठेवून तू रोज पुसशील, मला माहीत आहे. मला ती पुसलेली नको, चिखलाने माखलेली हवी. रागव, अबोला धर, मामांना मध्ये घाल. गाडी इथून हलणार नाही.

तुझी (आणि हट्टात बाबांची),
धाकटी

ता. क. बाबांचे चार्ज होणारे चार सेल आणि त्यांचा चार्जर तुझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शनिवारीच घेऊन ये.

ता. क. २. गाडी समोरून आपल्याकडे येत असली की माझं डावं-उजवं अजूनही उलटं होतं. लहानपणी तू मागे उभा राहून कानात सांगायचास. रविवारी उभा राहशील?

ता. क. ३. कपाटही आण. घड्याळ तसंच बंद आहे, ते त्यात ठेवू.